पेज पुरे झाली, आता घास हवा

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

आजचं बोलणं आईसाठी आहेच, पण आजीसाठी जरा जास्त आहे. कारण आई सकाळी खुरपणीला गेली, की दुपारचा घास आजीच्याच हातून बाळाच्या तोंडात जातो.

आज आपण आठ-नऊ महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या बाळाच्या जेवणाबद्दल बोलणार आहोत. सहा महिने फक्त आईचं दूध आणि सहा महिने पूर्ण झाले की वरचं अन्न, हे आता आपल्या बहुतेक घरांना माहीत झालं आहे. अंगणवाडीताई सांगतात, आशाताई सांगतात. मामाच्या मांडीवर बसवून उष्टावण होते, खीर चाटवली जाते, फोटो निघतात. सुरुवात चांगली होते. अडतं ते त्याच्या पुढे. उष्टावणाच्या वेळी जे पातळ-पातळ सुरू केलं, ते दहाव्या महिन्यातही तसंच चालू राहतं. तांदळाची पेज, डाळीचं वरचं पाणी, दुधात विरघळवलेलं बिस्कीट, मिक्सरमधून काढलेली भाताची खळ. आपण म्हणतो, "खातंय की सगळं." पण ते खात नाही, मैत्रिणींनो. ते पितंय.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी नावाची एक मोठी पाहणी सरकार करतं. 2019 ते 2021 मधल्या पाहणीत दिसलं, की आपल्या देशात 6 ते 23 महिन्यांच्या 100 मुलांमागे जेमतेम 11 मुलांना वयाला पुरेसा आणि पुरेशा प्रकारांचा आहार मिळतो. शंभरात अकरा. यात गरिबीचा भाग आहेच, तो नाकारून चालणार नाही. पण ज्या घरात ज्वारी आहे, डाळ आहे, परसात शेवगा आहे, कोंबडी अंडी देते, त्याही घरात बाळाच्या वाटीत पेजच असते. ही गोष्ट आपल्या हातातली आहे, म्हणून आज तिच्याबद्दल बोलू.

पोट लहान, गरज मोठी

आधी साधा हिशेब करू. आठ किलोच्या बाळाचं पोट एका वेळी जेमतेम पाव लिटर अन्न धरतं. त्या एवढ्याशा जागेत आपण पाणी भरलं, तर अन्नाला जागा कुठे उरणार? डाळीच्या पाण्यात डाळ नसते, ती पातेल्याच्या तळाशी असते. बाळ ते पाणी पितं, पोट टम्म होतं, आणि तासाभरात किरकिर सुरू. मग आपण म्हणतो, दात येत असतील, नजर लागली असेल.

आईचं दूध चालू असताना वरच्या अन्नातून किती ताकद मिळायला हवी, याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. सहा ते आठ महिन्यांत रोज साधारण 200 कॅलरी, नऊ ते अकरा महिन्यांत 300, आणि वर्ष झाल्यावर 550. म्हणजे सहा-आठ महिन्यांत गरज अडीच पटीच्या वर जाते. पोट काही अडीच पट मोठं होत नाही. म्हणून वाटीतलं अन्नच घट्ट व्हायला हवं आणि जेवणाच्या वेळा वाढायला हव्यात.

घट्ट म्हणजे किती? त्याला माप लागत नाही. चमच्यात अन्न घ्या आणि चमचा तिरका करा. अन्न चमच्याला धरून राहिलं तर बरोबर. ओघळून खाली आलं तर पातळ. आज संध्याकाळीच घरी करून बघा. आणि त्या घट्ट भातात एक चमचा तूप किंवा तेल घाला. तेवढ्याच वाटीत ताकद वाढते आणि घासही घशाखाली सहज उतरतो.

चावणं शिकावं लागतं

आता दुसरी बाजू, जी आपल्याला सहसा कुणी सांगत नाही. दूध ओढणं बाळ पोटातूनच शिकून येतं. चावणं तसं नाही. ते रांगण्यासारखं, चालण्यासारखं शिकावं लागतं. तोंडात काहीतरी दाबण्यासारखं आलं, की जीभ ते कडेला सरकवते, हिरड्या ते चेचतात, मग जीभ पुन्हा गोळा करून मागे नेते. ही सगळी कसरत सरावाने जमते. तोंडात कायम पातळच येत राहिलं, तर जिभेने शिकायचं कशावर?

"दातच नाहीत अजून, चावणार कशाने?" हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. आजी, तुम्हीच सांगा, तुमच्या दाढा पडल्यावर तुम्ही मऊ भाकरी हिरड्यांनी खाताच ना? बाळाच्या हिरड्याही तशाच टणक असतात. बाळ अंगावर पिताना चावतं, तेव्हा आईला ते चांगलंच कळतं. शिजलेलं रताळं, पिकलेलं केळं, वरणात भिजलेली भाकरी चेचायला दात लागत नाहीत. दाढा तर वर्षानंतर येतात, तोपर्यंत थांबलो तर फार उशीर होईल.

उशीर झाला तर काय होतं? इंग्लंडमध्ये हजारो मुलांची जन्मापासून मोठी होईपर्यंत नोंद ठेवली गेली. ज्या मुलांना गुठळ्या असलेलं अन्न नऊ महिन्यांनंतरच मिळालं, त्यांच्यात सातव्या वर्षीही भाज्या-फळं कमी खाण्याचं आणि खाण्याच्या तक्रारींचं प्रमाण जास्त दिसलं. आपल्याकडेही अशी मुलं आपण पाहतो. तीन वर्षांचं झालं तरी भात कालवून, मऊ करून, मोबाईल दाखवून भरवावा लागतो. भाजीचा तुकडा जिभेला लागला की ओकारी. ते मूल हट्टी आहे असं आपण म्हणतो. पण शिकायच्या वयात त्याला शिकायला मिळालं नाही, असंही असू शकतं.

म्हणून नववा महिना लक्षात ठेवा. नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेलाची लस असते, अ जीवनसत्त्वाचा पहिला डोस असतो. त्या दिवशी उपकेंद्रावर जाताना स्वतःला विचारा, माझं बाळ हाताने उचलून काय खातं? उत्तर "काहीच नाही" असेल, तर घाबरू नका. त्याच दिवशी घरी येऊन सुरुवात करा.

महिन्यामहिन्याने पुढे

कागद-पेन्सिल असेल तर लिहून घ्या. नसेल तर ऐका, आपल्या घरात रोज शिजणाऱ्याच गोष्टी आहेत.

सहा महिने पूर्ण झाल्यावर दोन-तीन चमचे मऊ, गुळगुळीत अन्न, दिवसातून दोन-तीन वेळा. हे तुम्हाला माहीत आहे.

सातव्या-आठव्या महिन्यात मिक्सर बंद. गुरगुट्या भात, मुगाच्या डाळीची मऊ खिचडी, शिजवलेला लाल भोपळा, बटाटा हे सगळं हाताने किंवा वाटीच्या बुडाने चेचायचं. कणी राहू द्यायची, बारीक गुठळी राहू द्यायची. पाव लिटरची वाटी धरली तर हळूहळू अर्ध्या वाटीपर्यंत, दोन-तीन वेळा. आपली आमटीची वाटी बहुधा याहून लहान असते, म्हणून एकदा पाणी मोजून बघा. अर्धी म्हणजे सव्वाशे मिली.

आठ महिन्यांच्या सुमारास बाळ आधाराशिवाय बसायला लागतं, दिसेल ते उचलून तोंडात घालतं. हीच वेळ हातात घास द्यायची. या वयात बाळ वस्तू मुठीत धरतं, म्हणून तुकडा आपल्या बोटाएवढा लांब हवा, म्हणजे मुठीच्या बाहेर थोडा राहतो आणि तो चोखता-चावता येतो. उकडलेल्या रताळ्याची फोड, शिजवलेल्या गाजराची फोड, पिकलेलं केळं लांब चिरून, पपईची फोड, मऊ धिरड्याची पट्टी, इडलीचा लांबट तुकडा.

नऊ-दहा महिन्यांत अंगठा आणि बोट यांच्या चिमटीत धरायला जमू लागतं. जमिनीवरची मुंगीसुद्धा उचलतं, तुम्ही पाहिलं असेल. आता लहान मऊ तुकडे द्या. वरणात भिजवलेल्या भाकरीच्या पापुद्र्याचे तुकडे, उकडलेलं अंडं कुस्करून, शिजलेली आणि बोटांनी चेपलेली मटकी किंवा चवळी, पनीर, मऊ घावनाचे तुकडे, काटा नीट काढलेला मासा. या वयात अर्धी वाटी, दिवसातून तीन ते चार वेळा, आणि मध्ये एक-दोनदा काहीतरी हातात.

वर्षाचं झालं, की बाळ घरच्या पंगतीत. आपण जे खातो तेच, फक्त तिखट कमी आणि तुकडे लहान. पाऊण ते एक वाटी, तीन-चार वेळा. आणि हे सगळं चालू असताना आईचं दूध दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही चालूच. जेवण आलं म्हणून दूध तोडायचं नसतं.

बाळासाठी वेगळा स्वयंपाक करायला वेळ कुणाला आहे? नकोच करायला. भाजी शिजली, की तिखट-मीठ घालण्याआधी बाळाची वाटी काढून ठेवा. वरणाला फोडणी देण्याआधी तळाची घट्ट डाळ काढून घ्या. वर्षाच्या आत बाळाच्या अन्नात वरून मीठ नको, साखर नको आणि मध तर मुळीच नको. मधातून क्वचित असा जंतू पोटात जातो, की तान्ह्या बाळाच्या अंगातली ताकदच जाते. गाईचं, म्हशीचं दूध खिरीत, भातात थोडं चालेल, पण वर्षाच्या आत पेला भरून देऊ नका.

ठसका आणि अडकणं, दोन वेगळ्या गोष्टी

आता भीतीबद्दल बोलू. कारण आपण पेजेवर अडतो ते आळसाने नाही, भीतीने. "घशात अडकलं तर?" ही भीती खोटी नाही. म्हणून ती नीट समजून घेऊ.

बाळ पहिल्यांदा गुठळी खातं, तेव्हा बरेचदा त्याला उबळ येते. तोंड लाल होतं, जीभ बाहेर येते, ओकारीसारखा आवाज येतो, घास पुढे येतो. बघताना आपल्या काळजाचं पाणी होतं. पण हे बाळाचं रक्षण आहे. नको तेवढा मोठा घास मागे गेला, तर तो पुढे ढकलायची ही सोय आहे. आवाज येतोय, खोकतंय, म्हणजे श्वास चालू आहे. अशा वेळी ओरडू नका, तोंडात बोट घालू नका. बोटाने घास आणखी आत जाऊ शकतो. शांत बसून बघा. सरावाने ही उबळ कमी होत जाते.

खरं अडकणं शांत असतं. आवाज बंद, खोकला निघत नाही, रडू फुटत नाही, ओठ निळसर पडतात. हा धोका. तो टाळण्यासाठी काय द्यायचं नाही, हे घरातल्या सगळ्यांना पाठ हवं.

अख्खे शेंगदाणे, फुटाणे, हरभरे, लाह्या, सुपारी नको. गोळी, चॉकलेट, खडीसाखर नको. अख्खी द्राक्षं नकोत, उभी चिरून चार भाग करा. बोरं, जांभळं, सीताफळ, चिंच यांच्या बिया आधी काढा. कच्चं गाजर, कच्चं सफरचंद, खोबऱ्याचा तुकडा नको. शेंगदाणा द्यायचाच आहे, चांगलाच असतो तो, पण बारीक कूट करून, भातात किंवा खिरीत कालवून. तुकडा चालेल का, हे ओळखायची खूण सोपी आहे. अंगठा आणि बोटात धरून दाबा. लगेच चेपला तर बाळाच्या हिरड्यांनाही चेपेल. नाही चेपला तर परत पातेल्यात.

आणि चार नियम. बाळ ताठ बसलेलं असताना खाईल, आडवं असताना नाही. रांगताना, हसताना, रडताना तोंडात घास नको. समोर मोठं माणूस हवं. सहा-सात वर्षांच्या ताईवर बाळाचं जेवण सोपवू नका. ती प्रेमानेच स्वतःच्या हातातले फुटाणे त्याला देते.

इथे बोरन्हाणाची आठवण करून देते. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आपण लेकरांना हलव्याचे दागिने घालतो, डोक्यावरून चुरमुरे, बोरं, हरभऱ्याचे घाटे, शेंगा, हलवा ओततो. गोड सण आहे, तो करूच. पण बघा, वर सांगितलेल्या नको त्या वस्तूंची निम्मी यादी त्या दिवशी बाळाच्या भोवती सतरंजीवर पसरलेली असते आणि सगळ्यांचं लक्ष लुटीकडे असतं. म्हणून एका बाईने फक्त बाळाच्या मुठीकडे बघायचं, दुसरं काहीही नाही. टणक दाणे आणि बिया वगळून नुसते चुरमुरे आणि फुलांच्या पाकळ्या ओतल्या, तरी सण होतो. चुरमुरेही तोंडात जाऊ द्यायचे नाहीत. लूट झाली की बाळाला उचलायचं, तोंडात काही नाही ना ते बघायचं आणि सतरंजी झटकायची.

एवढं करूनही अडकलंच, तर वर्षाच्या आतल्या बाळासाठी असं करायचं. नीट ऐका. एकीने लगेच 108 ला फोन लावायचा. दुसरीने बाळाला आपल्या हातावर पालथं घ्यायचं, हाताला मांडीचा आधार द्यायचा, बाळाचा जबडा बोटांनी धरायचा, गळा दाबायचा नाही. डोकं छातीपेक्षा खाली. मग दोन खांद्यांच्या मध्ये, तळहाताच्या मनगटाजवळच्या भागाने जोरात 5 थापा. नाही निघालं, तर बाळाला उताणं करायचं, डोकं खालीच ठेवायचं, आणि छातीच्या मधोमध, स्तनाग्रांच्या रेषेच्या जरा खाली, 5 वेळा दाबायचं. पुन्हा 5 थापा, पुन्हा 5 वेळा दाब. वस्तू निघेपर्यंत किंवा बाळ रडेपर्यंत. वस्तू डोळ्यांना दिसत असेल तरच बोटाने काढायची. बाळाला पायाला धरून उलटं टांगायचं नाही, पाणी पाजायचं नाही, केळं गिळायला लावायचं नाही. बाळ निपचित पडलं, तर कडक जमिनीवर ठेवून 108 वरचं माणूस सांगेल तसं करायचं. आणि सगळं ठीक झालं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं.

हे रेडिओवर ऐकून हात बसत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांना गटाच्या बैठकीला बोलवा आणि बाहुलीवर करून दाखवायला सांगा. घरोघरी एक तरी बाई हे शिकलेली असेल, तर पेजेवरची भीती आपोआप उतरेल.

आई कामावर असताना

आता खरी अडचण. बाळ आठ-नऊ महिन्यांचं होतं, नेमकी तेव्हाच आई कामावर परतते. कुणी निंदणीला, कुणी कांदे लावायला, कुणी दिवाळीनंतर ऊसतोडीला. तोडीवरच्या कोपीत बाळ पाचटाशेजारी खेळत असतं आणि हातात पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा असतो. आईला दोष द्यायला मी इथे बसलेली नाही. पहाटे उठून भाकरी थापून फडात जाणाऱ्या बाईकडे वेळ किती असतो, हे आपण सगळ्या जाणतो. पण बिस्किटात मैदा, साखर आणि तेल. चहात बुडवून दिलं, तर चहा आणखी नुकसान करतो, जेवणातलं लोह अंगाला लागू देत नाही.

त्याऐवजी काय? एक, भाजणीचं पीठ. दोन वाट्या ज्वारी, नाचणी किंवा तांदूळ, एक वाटी मूगडाळ, अर्धी वाटी शेंगदाणे. सगळं वेगवेगळं खमंग भाजायचं, गार करायचं, बारीक दळायचं. शेंगदाणे कुबट, काळपट असतील तर घ्यायचे नाहीत. कोरड्या डब्यात थोडं-थोडंच करून ठेवायचं. आजीने ऐन वेळी पाण्यात किंवा दुधात शिजवलं, तूप घातलं, की दहा मिनिटांत चमच्याला धरणारी घट्ट लापशी तयार. वर्षाच्या आत गूळही नको. गोडी हवी तर केळं कुस्करून घाला.

दोन, जे सालीतच सुरक्षित राहतं ते. केळं ऐन वेळी सोलायचं. अंडं, रताळं ऐन वेळी उकडायचं. शिजवलेलं अन्न उन्हाळ्यात दोन तासांहून जास्त ठेवू नका. सकाळची खिचडी दुपारी बाळाला नको. तीन, अंगणवाडीतून घरपोच मिळणारा आहार. तो बाळाच्या नावाचा आहे. तो सगळ्या घराच्या चहाबरोबर संपवू नका आणि बाळाला देताना घट्ट शिजवा.

जेवणाआधी बाळाचेही दोन्ही हात साबणाने धुवा आणि भरवणाऱ्याचेही. जेव्हा बाळ स्वतः हाताने खातं, तेव्हा त्याचा हात हाच त्याचा चमचा असतो. बाटली तर घरात नकोच. पाणी वाटीने, पेल्याने.

आणखी एक गोष्ट. त्याच पाहणीत 5 वर्षांच्या आतल्या, सहा महिन्यांपुढच्या 100 मुलांमागे 67 मुलांच्या रक्तात लोह-रक्ताची कमी आढळली. आईच्या पोटातून बाळ जो लोहाचा साठा घेऊन येतं, तो सहाव्या महिन्याच्या आसपास संपत येतो. आईचं दूध अमृत असलं तरी त्यात लोह थोडंच असतं. म्हणून डाळ, अंडं, मासे, मटण खात असाल तर त्याचा बारीक खिमा, आणि शेवग्याचा पाला, राजगिरा, मेथी बारीक चिरून खिचडीत. वरून लिंबाचे चार थेंब, म्हणजे लोह अंगी लागतं. आशाताई लोहाचं औषध देतात, आठवड्यातून दोनदा 1 मिली. ते बंद करू नका.

नको म्हणालं तर

बाळ नवीन घास थुंकून टाकतं. म्हणजे त्याला आवडत नाही, असं नव्हे. नवी चव ओळखीची व्हायला आठ-दहा वेळाही लागू शकतात. आज दोडका थुंकला, तर परवा पुन्हा एक तुकडा ठेवा. नाक दाबून, हात धरून, ओरडून भरवू नका. तोंड फिरवलं, ओठ मिटले, की पोट भरलं असं समजा. मोबाईल दाखवून भरवलेलं बाळ काय खाल्लं ते ओळखायला शिकत नाही. त्याच्याशी बोला, "हे बघ, हे भोपळ्याचं, केशरी केशरी." त्याला आपल्यासोबत जेवायला बसवा. तुम्ही चावता ते बघूनच ते चावायला शिकतं.

आणि सांडणारच. अंगाला, केसाला, सतरंजीला वरण लागणार. सासूबाई म्हणतील, अन्नाची नासाडी. आजी, हात जोडून सांगते, एक जुनी चादर अंथरा आणि चार दिवस सांडू द्या. एका ताटात दोन वाट्या ठेवा. एकातून तुम्ही चमच्याने भरवा, म्हणजे पोट भरल्याची खात्री. दुसऱ्यातून त्याला हाताने खाऊ द्या, म्हणजे त्याचं शिकणं होईल. दोन्ही बरोबर चालू द्या.

काही बाळांना मात्र डॉक्टरांची गरज असते. दहा-अकरा महिने झाले तरी मऊ गुठळीही गिळता येत नाही, प्रत्येक जेवणाला खोकला येतो किंवा छाती घरघरते, आधाराशिवाय बसता येत नाही, दोन महिने वजन वाढलेलंच नाही, अशा बाळाला लगेच आरोग्य केंद्रात न्या. अंगणवाडीताई दंडाला पट्टी लावून मोजतात. ती लाल आली, म्हणजे दंड साडेअकरा सेंटिमीटरहून कमी भरला, तर एक दिवसही थांबू नका. आणि बाळ दिवस पूर्ण होण्याआधीच जन्मलेलं असेल, तर कधी काय द्यायचं ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

गटासाठी काम

पुढच्या बैठकीत हप्ता जमा झाला, की दहा मिनिटं काढा. ज्यांच्या घरात सहा महिने ते दोन वर्षांचं लेकरू आहे, त्या प्रत्येकीने चार प्रश्नांची उत्तरं द्यायची. बाळाचं अन्न चमच्याला धरतं का? काल ते किती वेळा जेवलं? कालच्या दिवसात डाळ, पालेभाजी, अंडं-मासे-दूध, फळ यांतलं काय-काय मिळालं? आणि काल त्याने स्वतःच्या हाताने काय खाल्लं? ज्यांचं उत्तर अडलं, त्यांच्यासाठी गटाने मिळून भाजणीचं पीठ एकदाच दळून वाटून घ्या. चक्कीचा आणि सरपणाचा खर्च वाटला जातो, आणि पहाटेची आईची अर्धा तासाची धावपळ वाचते.

ज्या आई ऊसतोडीला निघणार आहेत, त्यांनी माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्यायला विसरू नका. जिथे जाल तिथल्या अंगणवाडीत ते दाखवून बाळाचं नाव घालायला सांगा.

मैत्रिणींनो, बाळ रांगायला लागलं की आपण उंबऱ्यापाशी बसतो, पडू नये म्हणून. पण रांगू देतो. खाण्याचंही तसंच. जवळ बसायचं, लक्ष ठेवायचं, आणि त्याच्या हातात घास द्यायचा. आज संध्याकाळी एक रताळं उकडा. बोटाएवढी फोड करा, दाबून बघा, आणि बाळाच्या मुठीत द्या. काय झालं ते पुढच्या बैठकीत एकमेकींना सांगा.